शंकरपटाचा वेग पडद्यावर: मोशन ब्लर आणि डिफोकस मोजून कसे बसवायचे

बहुतेक गेम इंजिनांत मोशन ब्लरची, म्हणजे धावती वस्तू पुसट दाखवण्याची, एक सरकपट्टी असते. ०.३, ०.५, ०.८. डोळ्याला बरं वाटेल तिथे ती नेऊन सोडायची, एवढंच काम सगळे करतात. माझं सांगणं आहे की ती पट्टी आधी काढून टाका आणि तिच्या जागी दोन आकडे ठेवा: शटर किती सेकंद उघडं आहे आणि लेन्सचं छिद्र किती मिलिमीटरचं आहे. ब्लर हा चित्रावर नंतर फासायचा रंग नव्हे. कॅमेऱ्याला प्रकाश गोळा करायला वेळ लागतो आणि जागाही लागते, त्याचा तो हिशेब आहे. हिशेब बरोबर आला की चित्र आपोआप खरं दिसतं.

मी धामणगाव रेल्वे तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो आणि घरूनच गेमचं ग्राफिक्सचं काम करतो. सध्या शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचा, गेम बनवतोय. तळेगाव दशासरचा पट आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक. २०१४ मध्ये शर्यतींवर बंदी आली आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. मधल्या काळात वाढलेल्या कितीतरी पोरांनी धावती जोडी डोळ्याने पाहिलीच नव्हती. म्हणून मला ती पडद्यावर नीट दाखवायची आहे. जिथे सेकंदाच्या अंशावर हारजीत ठरते, तिथे वेग खोटा दिसला तर सगळंच खोटं. खालची सगळी उदाहरणं त्याच गेममधली आहेत, पण हिशेब कुठल्याही धावत्या वस्तूला लागू पडतो.

आधी खरं चित्र हाती घ्या

झटपट ब्लर लिहायला घेण्याआधी हळू पण अचूक चित्र बनवून ठेवा. हे काम टाळलं, तर पुढे आपलं चित्र बरोबर की चूक हे सांगायला काहीच हाताशी राहत नाही. रीत जुनी आहे. कुक, पोर्टर आणि कार्पेंटर यांनी १९८४ मध्ये किरणं वेळेत आणि लेन्सभर विखरून दोन्ही ब्लर, म्हणजे वेगाचा आणि फोकसबाहेरचा (डिफोकस), एकाच वेळी मिळवून दाखवले. १९९० मध्ये हेबर्ली आणि अ‍ॅकली यांनी तेच ॲक्युम्युलेशन बफरने केलं: अनेक चित्रं काढायची आणि त्यांची सरासरी घ्यायची.

आपणही तेच करायचं. शटर १/१२० सेकंद उघडं आहे असं धरा. त्या वेळेचे ६४ तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्याला ॲनिमेशन तेवढंच पुढे न्या आणि कॅमेरा लेन्सच्या चकतीवरच्या वेगळ्या बिंदूवर सरकवा. कॅमेरा सरकवताना प्रोजेक्शन (सीन सपाट पडद्यावर उतरवण्याचा हिशेब) तिरकं करायचं, म्हणजे फोकसच्या पातळीवरची वस्तू जागची हलत नाही. नुसता कॅमेरा वळवला तर फोकसची पातळीच कलते आणि हिशेब बिघडतो. ६४ चित्रांची सरासरी काढा, आणि ती टोनमॅपिंगच्या (प्रकाशाचे आकडे पडद्याच्या मर्यादेत बसवण्याच्या) आधी, सरळ प्रकाशाच्या आकड्यांत काढा. एक चित्र बनायला सेकंद-दोन सेकंद लागले तरी हरकत नाही. फाईल जपून ठेवा. पुढची प्रत्येक युक्ती या चित्राशेजारी ठेवून तपासायची.

वेग पिक्सेलमध्ये

आता आकडे. माझ्या सीनमध्ये जोडी सेकंदाला १२ मीटर धावते. कॅमेरा बाजूला १० मीटरवर उभा आहे, त्याचा आडवा कोन ६० अंश, पडदा १९२० पिक्सेल रुंद. १० मीटरवर पडद्यात सुमारे ११.५ मीटर रुंदी मावते, म्हणजे एका मीटरला साधारण १६६ पिक्सेल. ६० फ्रेमच्या गतीने एका फ्रेममध्ये जोडी २० सेंटिमीटर सरकते, म्हणजे ३३ पिक्सेल. सिनेमावाले शटर १८० अंश ठेवतात, म्हणजे फ्रेमच्या अर्ध्या वेळेपुरतं उघडं. तेवढं धरलं तर ब्लरची लांबी १७ पिक्सेल. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो लागेल.

हा वेग जीपीयूला (ग्राफिक्स चिपला) कळवण्यासाठी व्हेलॉसिटी बफर लागतो. प्रत्येक पिक्सेलवर दिसणारा बिंदू मागच्या फ्रेमला पडद्यावर कुठे होता आणि आता कुठे आहे, यातला फरक त्यात लिहायचा. दोन चॅनेल, प्रत्येकी १६ बिट फ्लोट. ८ बिटांत हे भागत नाही, हळू हालचाली पायऱ्या-पायऱ्यांनी दिसू लागतात. गोडो हे गेम इंजिन वापरत असाल तर ४.३ पासून, म्हणजे २०२४ पासून, कंपोझिटर इफेक्टमधून मोशन व्हेक्टर, म्हणजे हेच पिक्सेलचे वेग, मागता येतात. स्वतःचं इंजिन असेल तर व्हर्टेक्स शेडरला (मॉडेलचे बिंदू पडद्यावर बसवणारा, जीपीयूवर चालणारा छोटा प्रोग्राम) मागच्या फ्रेमचे दोन्ही मॅट्रिक्स, म्हणजे जागा आणि दिशा सांगणारे तक्ते, द्यावे लागतात, कॅमेऱ्याचा आणि वस्तूचाही.

बैलासाठी एवढ्यानेही भागत नाही. धावताना धड एका चालीने पुढे जातं, पण पाय मागेपुढे झेपावतात, शेपटी उडते, मान खाली-वर होते. म्हणून हाडांचे मागच्या फ्रेमचे मॅट्रिक्सही जपून ठेवा आणि स्किनिंग, म्हणजे हाडांप्रमाणे कातडी हलवणं, दोनदा करा. हे न करता नुसता धडाचा वेग दिला, तर जमिनीवर टेकलेला खूरसुद्धा धडाइतकाच पुसट होतो. टेकलेला खूर त्या क्षणी स्थिर असतो, तो स्पष्टच दिसला पाहिजे.

आणखी दोन बारीक गोष्टी आहेत. टीएए (अनेक फ्रेम मिसळून कडा मऊ करणारी रीत) चालू असेल तर त्याची जिटर, म्हणजे दर फ्रेमला कॅमेऱ्याला दिलेला बारीक हिसका, दोन्ही मॅट्रिक्समधून वजा करा, नाहीतर उभ्या झाडालाही थरथरता वेग मिळतो. आणि कॅमेरा एकदम दुसऱ्या जागी गेला, म्हणजे कट झाला, की त्या फ्रेमला मागचा मॅट्रिक्स आताच्याइतकाच ठेवा. तसं न केल्यास कटच्या क्षणी अख्खा पडदा एका फ्रेमपुरता फराटला जातो.

चाकावर तपासा

व्हेलॉसिटी बफर बरोबर आहे की नाही हे बघायला चाकाइतकी चांगली जागा नाही. आमच्या गावातल्या एका म्हाताऱ्या धुरकऱ्याला, म्हणजे शर्यतीत छकडा हाकणाऱ्याला, मी विचारलं होतं, पळत्या छकड्याचं चाक कसं दिसतं? काका म्हणाले, "खालचे आरे तं दिसतेत ना बाप्पा, वरचेच दिसत नाई." यांत्रिकीच्या पुस्तकात तेच लिहिलेलं असतं. घसरत नसलेल्या चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो, तुंबा (चाकाचा मधला गाभा) गाडीच्या वेगाने जातो आणि वरची धाव (चाकाची बाहेरची लोखंडी पट्टी) गाडीच्या दुप्पट वेगाने.

म्हणजे स्थिर कॅमेऱ्यात आपल्या हिशेबाने खाली ० पिक्सेल, तुंब्याशी १७ आणि वर ३३ पिक्सेल ब्लर यायला हवा. व्हेलॉसिटी बफर रंगांत दाखवा: आडवा वेग लाल, उभा हिरवा. टेकलेल्या जागी काळं दिसलं की जिंकलो. नंतर कॅमेरा जोडीबरोबर वळवत न्या आणि तोच बफर पुन्हा बघा. आता तुंबा काळा, वरची धाव १७ पिक्सेल पुढे, खालची धाव १७ पिक्सेल मागे, आणि चाकाखालची जमीनही मागे पळतेय. पटावरचे फोटोग्राफर असंच जोडीबरोबर कॅमेरा वळवून फोटो काढतात. बैल ठसठशीत, मागची गर्दी फराटलेली. गेममध्ये वेग जाणवून द्यायचा असेल तर हीच चौकट वापरा. स्थिर कॅमेऱ्यात जोडीच पुसट होते आणि बघणाऱ्याला बैलाचा जोर दिसत नाही.

चाकाची एक वेगळी अडचण आहे. माझ्या मॉडेलमध्ये त्रिज्या ४५ सेंटिमीटर आणि आरे १२, म्हणजे दोन आऱ्यांत ३० अंश. १२ मीटरच्या वेगाला चाक एका फ्रेममध्ये २५.५ अंश फिरतं. डोळा जवळचा आरा धरतो, त्यामुळे चाक दर फ्रेमला ४.५ अंश उलटं फिरतंय असं वाटतं. दोन आऱ्यांमधल्या ३० अंशांतले जेमतेम १३ ब्लर झाकतो, सगळे नाही. शिवाय आपला ब्लर सरळ रेषेत ओढला जातो आणि आऱ्याची वाट गोल असते. त्यामुळे वेग वाढला की धावेच्या बाहेर रंग सांडायला लागतो. यावर मी सेकंदाला ८ मीटरच्या पुढे आऱ्यांच्या जागी आधीच गोलगोल पुसून ठेवलेलं टेक्श्चर हळूहळू आणतो. त्या भागाच्या व्हेलॉसिटीमधून फिरण्याचा वेग काढून टाकतो आणि फक्त गाडीचा वेग ठेवतो. ही शुद्ध रीत नाही, पण ६४ चित्रांच्या सरासरीशेजारी ठेवून बघितली तेव्हा फरक शोधावा लागला. मला तेवढं पुरे आहे.

फ्रेमची गती घसरली की

आमच्याकडे ज्या लॅपटॉपवर हा गेम चालणार, त्यांच्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड क्वचितच असतं. ६० फ्रेमची गती गर्दी दिसली की ४० वर येते. तेव्हा फ्रेममागे सरकण्याचं अंतर ३३ वरून ५० पिक्सेल होतं आणि अर्धं घेणारा शेडर १७ ऐवजी २५ पिक्सेल ब्लर देतो. गती वरखाली झाली की ब्लरही आखडतो-पसरतो, आणि डोळ्याला फ्रेम अडकण्यापेक्षा तेच जास्त खुपतं. म्हणून नेहमी असं करा: व्हेलॉसिटी गुणिले शटरची वेळ, भागिले त्या फ्रेमला खरोखर लागलेली वेळ. ५० गुणिले ८.३, भागिले २५, उत्तर पुन्हा १७. सुरुवातीला सरकपट्टी काढून सेकंद ठेवा म्हटलं ते याचसाठी.

कडा सांभाळा

आता प्रत्यक्ष पुसणं. सोपी पद्धत म्हणजे प्रत्येक पिक्सेलने स्वतःच्या वेगाच्या दिशेने पाच-दहा नमुने घ्यायचे आणि सरासरी काढायची. ती लगेच उघडी पडते. बैलाच्या नाकापुढचा पिक्सेल स्थिर जमिनीचा आहे, त्याचा वेग शून्य, म्हणून तो काहीच पुसत नाही. बैल आतून पुसट आणि बाहेरून कात्रीने कापल्यासारखा दिसतो.

यावरचा उपाय मॅकग्वायर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडला आणि आजही मी तोच शिकायला सांगतो. पडद्याचे २० पिक्सेलचे चौकोन पाडा. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर ९६ बाय ५४ चौकोन होतात. प्रत्येक चौकोनात सर्वात मोठा वेग कोणता ते लिहा. मग प्रत्येक चौकोनाने आपल्या आठ शेजाऱ्यांकडे बघून त्यांतला सर्वात मोठा वेग घ्यायचा. आता नाकापुढच्या जमिनीलाही कळतं की शेजारून कोणीतरी जोरात येतंय, आणि ती त्या दिशेने नमुने घेते.

प्रत्येक नमुन्याला विचारायचे प्रश्न तीन. तो माझ्यापुढे आहे आणि त्याचा वेग त्याला माझ्यापर्यंत आणतो का? मग त्याचा रंग माझ्यावर पडतो. तो माझ्यामागे आहे आणि मीच वेगाने सरकतोय का? मग माझ्याआडून तो दिसायला हवा. दोघंही सरकतोय का? मग दोघांचं मिश्रण. पुढे-मागे ठरवताना डेप्थची, म्हणजे कॅमेऱ्यापासूनच्या अंतराची, तुलना एकदम हो-नाही अशी करू नका, थोडी मऊ ठेवा, नाहीतर कडेवर ठिपके चमकतात.

ब्लरची कमाल लांबी चौकोनाच्या मापाएवढीच ठेवायची, कारण शेजारी एकाच चौकोनापर्यंत विचारलंय. ३३ पिक्सेलची वरची धाव यात पूर्ण बसत नाही असं वाटेल, पण पुसणं मध्यापासून दोन्ही बाजूंना होतं. प्रत्येक बाजूला १७ पिक्सेल, ते २० मध्ये बसतात. नमुने १५ पुरतात, मात्र प्रत्येक पिक्सेलला सुरुवातीची जागा थोडी वेगळी द्या. नाहीतर बैलाच्या शिंगांच्या पाच-सहा सावल्या एकामागे एक दिसतात.

डिफोकस: जवळचं जास्त अवघड

शर्यत सुटण्याआधी माझा कॅमेरा बैलाच्या तोंडावर येतो. डोळा, कपाळावरचे गोंडे, ताणलेला कासरा, मागे माणसांची गर्दी. लेन्स ८५ मिलिमीटर, एफ १.८, सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद, फोकस ६ मीटरवर.

छिद्राचा व्यास म्हणजे ८५ भागिले १.८, सुमारे ४७ मिलिमीटर. फोकसबाहेरचा बिंदू सेन्सरवर वर्तुळ होऊन पसरतो. छिद्राच्या व्यासाला ८५ भागिले ५९१५ ने (फोकसचं अंतर ६००० वजा ८५) गुणलं की अनंतावरच्या बिंदूच्या वर्तुळाचा व्यास मिळतो: ०.६८ मिलिमीटर, पडद्यावर ३६ पिक्सेल. एवढा एकच आकडा सीपीयूवर काढा. कुठल्याही दुसऱ्या अंतरासाठी त्याला एक वजा फोकस-अंतर भागिले वस्तूचं अंतर, याने गुणायचं. ४० मीटरवरची गर्दी: ३१ पिक्सेल. उत्तर वजा आलं तर वस्तू फोकसच्या अलीकडची.

आता हे बघा. ३ मीटरवरची वस्तू, म्हणजे फोकसच्या बरोबर निम्म्या अंतरावरची, वजा ३६ देते. जितकी अनंतावरची पुसट तितकीच ती पुसट. आणि १.५ मीटरवर आडवी बांधलेली बल्ली वजा १०९ देते. मागचा ब्लर ३६ च्या पुढे कधीच जात नाही. पुढच्याला मर्यादाच नाही. दूरची गर्दी कुणीही पुसून दाखवेल. पुढच्या बल्लीवर कामाची खरी परीक्षा होते.

शेडरमध्ये हे फार स्वस्त पडतं. डेप्थ बफरचा आकडा अंतराच्या व्यस्ताशी सरळ रेषेत बांधलेला असतो, आणि आपलं सूत्रही तसंच आहे. म्हणून डेप्थचे आधी मीटर करण्याची गरजच नाही. डेप्थ गुणिले एक स्थिरांक, अधिक दुसरा स्थिरांक, की वर्तुळ हातात.

पुढे चित्र निम्म्या मापाचं करा आणि जवळचा व दूरचा असे दोन थर वेगळे ठेवा. नमुने चकतीभर सारखे पसरायला हवेत. त्यासाठी १३७.५ अंशांनी वळत जायचं आणि त्रिज्या क्रमांकाच्या वर्गमुळाने वाढवायची. सूर्यफुलात बिया अशाच बसलेल्या असतात, फोगेलने १९७९ मध्ये त्यावरून हे सूत्र दिलं. ४८ नमुने घ्या आणि नंतर ३ बाय ३ चा छोटा भराव द्या.

दूरच्या थरात प्रत्येक नमुन्याला विचारा: तुझं स्वतःचं वर्तुळ माझ्यापर्यंत पोचतं का? बैलाच्या कानाचं वर्तुळ शून्य आहे, म्हणून तो 'नाही' म्हणतो आणि त्याचा रंग मागच्या गर्दीत उतरत नाही. हे विचारलं नाही तर कानाभोवती पांढुरकी कड येते. स्वस्त डिफोकस लगेच ओळखू येतो तो या कडेवरूनच.

जवळच्या थरात उलट करायचं. बल्लीचा रंग तिच्या कडेबाहेर सांडलाच पाहिजे. म्हणून वर्तुळाचं माप चौकोनांतून शेजाऱ्यांना कळवा, मोशन ब्लरमध्ये केलं तसंच. मग किती नमुने जवळच्या थराचे लागले यावरून पारदर्शकता ठरवा आणि हा थर सगळ्यात वर ठेवा. १०९ पिक्सेल ४८ नमुन्यांना झेपत नाहीत. मी कमाल ६४ वर थांबवतो.

हे सगळं टोनमॅपिंगच्या आधी करायचं. आधी डिफोकस, मग मोशन ब्लर, मग ब्लूम (उजळ जागांभोवतीचं तेजोवलय), शेवटी टोनमॅपिंग. संध्याकाळच्या सीनमध्ये मंडपावर दिव्यांची माळ असते. टोनमॅपिंगनंतर पुसलं तर ते दिवे राखाडी डाग होतात. आधी पुसलं तर उजळ चकत्या होतात.

धुराळा

काळ्या मातीचा धुराळा नसेल तर पट कसला! पण धुराळ्याचे कण पारदर्शक. ते डेप्थही लिहीत नाहीत आणि वेगही नाही, म्हणून दोन्ही ब्लर त्यांना मागच्या जमिनीचे समजून वागवतात. त्यांना वेगळं काढा. मोशन ब्लरनंतर, टोनमॅपिंगच्या आधी काढा आणि ब्लर त्यांच्या आकारातच घाला. कणाचा चौकोन त्याच्या वेगाच्या दिशेने शटरच्या वेळेपुरता ताणा. फोकसबाहेर असेल तर त्रिज्येत वर्तुळाची त्रिज्या मिळवा आणि अपारदर्शकता त्याच प्रमाणाच्या वर्गाने कमी करा. १.५ मीटरवरचा ४ सेंटिमीटरचा लोट या लेन्समध्ये ६० पिक्सेल त्रिज्येचा दिसतो. त्यात ५४ (१०९ चं निम्मं) मिळवले की ११४, आणि अपारदर्शकता २८ टक्क्यांवर येते. जुनं टेक्श्चर कडेला मऊ असेल तर एवढ्याने काम होतं.

लॅपटॉप, फोन आणि बटणं

६० फ्रेमसाठी एकूण १६.६ मिलिसेकंद मिळतात. दोन्ही ब्लर मिळून ३ च्या आत ठेवायचे हा माझा नियम. लॅपटॉपवर डिफोकस फक्त शर्यतीआधीच्या जवळच्या दृश्यांत चालू ठेवा, धावताना बंद. फोनवर पूर्ण पडद्याचे फेरे महाग पडतात. तिथे गर्दीचं आधीच पुसलेलं चित्र मागे लावा आणि फक्त जोडीला मोशन ब्लर द्या.

खेळणाऱ्याला एक नाही, दोन बटणं द्या: कॅमेऱ्याच्या हालचालीचा ब्लर आणि वस्तूंचा ब्लर. कॅमेरा फिरला की काहींना मळमळतं, पण धावत्या पायांचा ब्लर त्याच माणसाला चालतो. वेगळं करणं सोपं आहे. डेप्थवरून पिक्सेलची जागा काढा, मागच्या कॅमेऱ्यातून तो बिंदू कुठे दिसला असता ते बघा, तो निव्वळ कॅमेऱ्याचा वेग. व्हेलॉसिटी बफरमधून तो वजा केला की उरतो बैलांचा. पहिलं बटण बंद असेल तेव्हा चौकोन पाडण्याआधीच ही वजाबाकी करून घ्या. नंतर केली तर चौकोनांत कॅमेऱ्याचाच वेग शिल्लक राहतो आणि नमुने चुकीच्या दिशेने घेतले जातात.